उंबरडोहाच्या काठची जमीन

मी, माघी भिका झुगरे, कैलासवासी भिका लहानू झुगरे यांची पत्नी, राहणार खडकीपाडा, सूर्यमाळ, तालुका मोखाडा, जिल्हा पालघर, धंदा शेती, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहिते. वय आधार कार्डाप्रमाणे बासष्ट. कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी आहे. शाळा न पाहिलेल्या सगळ्यांची तीच असते, पण माझे नाव माघी असल्यामुळे फार मोठी चूक झाली नसावी. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळे चष्म्याने चालतात. गुडघे चालत नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे जव्हारच्या वकीलबाई जयश्रीताई यांनी सांगितले आहे. मला कुणी धाक घातलेला नाही. गोड बोलून लिहून घ्यायला काही जण आले होते, त्यांना चहा देऊन परत पाठवले.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. त्यात उंबरडोहाच्या काठची जमीन मी माझ्या बहिणीची मुलगी रविना हिला दिली होती. आता तिला देत नाही. रविनाने काही वाईट केलेले नाही. मग कुणाला देते आणि का, हे कळावे म्हणून मागचे थोडे लिहावे लागेल. वाचणाऱ्याने कंटाळू नये, मालमत्ता थोडी आहे.

कलम १. घर. खडकीपाड्यातले माझे पत्र्याचे घर, पुढची पडवी आणि मागचा गोठा मीना जगन झुगरे हिला द्यावा. मीना ही माझ्या दिराच्या मुलाची, जगनची, बायको. घर तिच्या एकटीच्या नावावर व्हावे. जगनने यात वाईट वाटून घेऊ नये. मी नवऱ्याच्या माघारी हे घर नावावर करायला मोखाड्याला किती खेपा घातल्या ते त्याने पाहिले आहे, कारण बहुतेक वेळा त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसून गेले होते. मीनाला तेवढे हेलपाटे पडू नयेत.

कलम २. भाताचे खाचर आणि वरची नाचणीची वरकस जमीन जगनला. ती त्याच्या आजाने दगड वेचून केलेली आहे, तेव्हा मी देते असे म्हणण्यातही फारसा अर्थ नाही.

कलम ३. बँकेतले पैसे. माझ्या दिवसकार्याचा खर्च भागवून उरतील ते रविनाला. दिवसकार्याला साधा भात-डाळ करावी. उंबरडोहातला मासा त्या दिवशी कुणी धरू नये. माझी राख डोहात टाकू नये. राखेने माशांना काय होते मला ठाऊक नाही, आणि नंतर विचारायला मी नसेन.

कलम ४. पिवळे हेल्मेट. हे खुंटीवर आहे, त्यात मी अंडी ठेवते. माझे यजमान वैतरणेच्या धरणाच्या कामावर खडक फोडायचे यंत्र चालवायला शिकले, आणि तिथून एका ठेकेदाराने त्यांना हिमाचलात बोगद्याच्या कामावर नेले. त्याने डोक्याला टोपी दिली, पण नाकाला बांधायला काही दिले नाही. दगडाची भुकटी आत जाऊन बसली ती बाहेर आली नाही. ठेकेदाराचे नाव मला पाठ आहे, परंतु या कागदावर मी माझ्या माणसांची नावे लिहिते आहे, त्यात त्याचे येणार नाही. हेल्मेट कुणाला वापरायला देऊ नये. अंडी काढून घ्यावीत आणि ते मोडीत घालावे.

कलम ५. हिमाचलची काठी. आता हे जरा लांबेल.

यजमान तिकडून फोन करायचे. एकदा म्हणाले, "माघे, इथं लोक पिसानं मासा धरतात."

मी म्हटले, "पिसानं? मग आपल्या कोंबड्यांनी काय घोडं मारलंय, त्यांचीही घेऊन जा."

"थट्टा नाही गं. बर्फ वितळायला लागलं की पाणी असं काचेवानी होतं. एक म्हातारा येतो. लांब काठी, दोरीच्या टोकाला इवलासा गळ, त्याला पिसं बांधलेली. गांडूळ नाही, कणीक नाही. दोरी मागं नेतो, पुढं टाकतो, पाण्याला कळत पण नाही. आणि मासा उडी मारून धरतो."

"खायला काही नाही, तरी धरतो?"

"त्याला वाटतं माशी बसली पाण्यावर."

त्या माशाचे नाव ट्राउट. थंड पाण्यातच जगतो. वसंतात तिथल्या ओढ्यांवर बारीक माश्या घोंघावू लागतात, त्यांच्यासाठी तो वर बघत बसतो, आणि माणूस त्याला तशीच माशी बनवून दाखवतो. हे मला नंतर जव्हारच्या वाचनालयातल्या एका पुस्तकातही सापडले. वाचायला मी जव्हारच्या एसटी डेपोत शिकले. तिथे करवंदे विकायला बसायचे. कंडक्टर गावाचे नाव ओरडायचा आणि पाटी माझ्या डोळ्यांसमोर असायची. नाशिक, वाडा, डहाणू, विक्रमगड. विक्रमगडाने मला जोडाक्षर शिकवले. तर ते पुस्तक मी वाचले, पण ऐकताना जेवढी मजा आली तेवढी वाचताना आली नाही. यजमान फोनवर बोलत तेव्हा त्यांच्यामागे तो ओढा ऐकू येत असे.

यजमान कायमचे घरी आले ते खोकला घेऊन. सामानात ही काठी होती, टोकाला मोडून दोऱ्याने बांधलेली, तिची दोरी गुंडाळायची लोखंडी फिरकी आणि एका डबीत पिसाचे काही गळ. म्हाताऱ्याने दिले होते. फाल्गुनात आपला ओहोळ बारीक होतो आणि डोहातले पाणी निवळते. तेव्हा ते रोज उंबरडोहावर जाऊन बसू लागले. कष्टाचे काम होत नव्हते, पण दोरी टाकायला दम लागत नव्हता.

आमच्या ओहोळात ट्राउट नाही. खडस आहे, मोठ्या खवल्यांचा, पाठ काळपट आणि पोट पिवळे. खडसाने त्या पिसाकडे ढुंकून पाहिले नाही. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. पलीकडच्या काठावर सोम्या जाळे लावायचा. तो ओरडायचा, "भिकादादा, पाण्याला उकडतंय काय? वारा घालतोस!"

यजमान म्हणायचे, "तुझ्या टकलाला घालतो, ये इकडं."

हा सोम्या या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे. साक्षीदाराला वाटा देऊ नये, असे जयश्रीताई म्हणाल्या, म्हणून त्यालाच साक्षीदार केले. तसेही त्याला काही द्यायचे नव्हते.

मला मात्र चैन पडेना. मासा धरला जात नाही याचे मला दुःख नव्हते. पिसाचा तो गळ बनवतात कसा, आणि तिकडचा मासा फसतो तर इकडचा का फसत नाही, हे डोक्यातून जात नव्हते. एका दुपारी मी डबीतला एक गळ घेतला आणि सुईने त्याचा दोरा उसवत गेले. आधी कोंबड्याच्या मानेचे पीस निघाले, मग बारीक तार, मग कसलीशी लोकर, मग उघडा गळ.

यजमान आले. "माघे! अगं, तो एकच धड उरला होता!"

"एकच कसा? आता मला करता येतो," मी म्हटले.

आणि केला. रविना जव्हारला शिवणकाम करते, तिच्याकडून दोरे आणले. आमच्या गावठी कोंबड्याच्या मानेला तांबूस पिसे असतात, ती घेतली. यजमानांनी गळ उन्हात धरून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "म्हाताऱ्यानं बघितला तर ठेवूनच घेईल." पण खडसाने तोही घेतला नाही.

मग चैत्रात सोम्याच्या बायकोने एक खडस धाडला. नवरा जीभ चालवतो, ती मासे पाठवून देते. मी तो साफ करायला घेतला आणि पोट उघडले तर आत खसखशीसारखे बारीक दाणे, गच्च भरलेले. माशाच्या पोटात धान्य कुठले? मी ते पाण्यात धुतले, तळहातावर पसरले, वास घेतला. उंबराचा वास. डोहावर वाकलेला तो मोठा उंबर चैत्रात लाल होतो आणि दिवसभर टपटप फळे पाण्यात टाकतो. खडस आभाळातल्या माशीची वाट बघतच नव्हता. तो झाडाची वाट बघत होता. हिमाचलचा मासा तिकडच्या पाण्यावर जे येते ते खातो, आमचा आमच्या पाण्यावर जे पडते ते खातो. यात एवढे न कळण्यासारखे काय होते? तरी आम्ही दोघे त्याच उंबराखाली बसून पिसे दाखवत होतो.

पुढे मी बघत गेले. फळाएवढा खडा टाकला. पहिल्यांदा मासा आवाजाला आला, हुंगून गेला, दुसऱ्या खड्याला आलाच नाही. हिरवे फळ टाकले, तोंडात घेऊन थुंकले. लाल टाकले, गिळले. म्हणजे आवाजाने येतो, रंग बघून थांबतो, आणि चव शेवटी घेतो. निदान मला तसे वाटते. मी लाल लोकरीचा गोळा गळावर बांधला, देठाच्या जागी तांबूस पिसाची शेंडी ठेवली, आणि तो हलका पडू नये म्हणून आत शिशाचा कण घातला. पिसाचा गळ कसा, पाण्याला कळू न देता टाकायचा. हा उलटा, टप् असा आवाज करून टाकायचा.

तोवर यजमानांना हात खांद्यावर नेववत नव्हता. दोरी मी टाकली. ते माझ्या उजवीकडे उंबराच्या मुळीवर टेकून बसले होते. मासा आला, पाणी फुगले, काठी वाकली. मला वाटले ते आता ओरडतील. ते एवढेच म्हणाले, "सावकाश. ढील दे. त्याला जाऊ दे थोडं." मग खोकला आला. मासा आम्ही बघितला आणि सोडून दिला, कारण दोघांनाही तो खायचा नव्हता.

त्यानंतर त्यांनी आणखी एक चैत्र पाहिला. त्यापुढचा पाहिला नाही. त्या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. मी रोजची कामे करते, पुस्तके वाचते, उंबर लाल झाला की डोहावर जाते. रडू येत नाही. दोरी टाकली की उजवीकडे बघायची सवय मात्र गेलेली नाही.

हिमाचलची काठी रविनाला द्यावी. ती स्वच्छ ठेवील. माझी स्वतःची बांबूची काठी आणि लोकरीच्या गळांची डबी डोहाच्या जमिनीबरोबर जाईल.

कलम ६. उंबरडोहाच्या काठची जमीन. गट माझ्या नावावर आहे, सातबारा जोडला आहे. ही फार तर एका बैलगाडीच्या वळणाएवढी पट्टी आहे, पिकत काही नाही. पण उंबर तिच्यावर आहे आणि डोहात उतरायची वाट तिच्यातूनच आहे. बाकी सगळा कडा आहे. वैशाखात ओहोळ वाहायचा थांबतो तेव्हा वरच्या-खालच्या सगळ्या पाण्यातले मासे या एका डोहात येऊन राहतात आणि पावसात पुन्हा पसरतात. डोह आटला तर ओहोळात पुन्हा मासा दिसणार नाही. म्हणून ही पट्टी कुणाच्या हातात जाते, याची मला घरापेक्षा जास्त काळजी आहे.

जगनला तिथे पंप बसवायचा आहे. त्याने ते माझ्यापासून लपवले नाही. त्याने मोगरा लावला आहे, रोपे चांगली धरली आहेत, पण उन्हाळ्यात पाणी नसेल तर ती जळतील. मोगरा जगला तर दिवाळीनंतर त्यांना भिवंडीकडे वीटभट्टीवर जावे लागणार नाही. मी एकदा मीनाला म्हटले, "अगं, डोह उपसला तर मासे जातील कुठं?"

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "काकी, तुमचे मासे घरी राहतात. भट्टीवर आम्ही जातो."

तिचे म्हणणे खरे होते. तरी डोह आटू द्यायला माझे मन होईना.

म्हणून मी पट्टी रविनाला लिहून दिली होती. तिला विचारले तेव्हा ती लगेच म्हणाली, "मावशी, तू काळजी नको करू. मी तारेचं कुंपण घालते. कुणाला पाय ठेवू देणार नाही."

"आणि तू जाशील ना अधूनमधून?"

"मी कशाला जाऊ? मला पाणी बघूनच भीती वाटते."

तिचा शब्द खरा आहे, ती कुंपण घालील. मी जयश्रीताईंना विचारले, जगनला देऊन पंप लावू नये अशी अट घालता येईल का. त्या म्हणाल्या, "लिहिता येईल हो, माघीताई. पण वैशाखात डोहात पाणी किती आहे हे बघायला कोर्ट सूर्यमाळला येणार आहे का? तुम्ही तर नसणार. अट सोडा, माणूस निवडा."

मी रविनाला निवडले आणि सही करून घरी आले.

त्यानंतर, याच चैत्रात, जगन मला हाक मारत डोहावर आला. कुणीतरी त्याला मृत्युपत्राचे सांगितले होते. तो रागात होता.

"काकी, कुंपण घालणार म्हणे ती! माझ्या चुलत्याच्या जमिनीला?"

"माझ्या जमिनीला," मी म्हटले.

"बरं, तुमच्या. मी काय विष टाकणार होतो का पाण्यात? पंप लावणार म्हणालो, तोंडावर म्हणालो."

"म्हणालास."

तो खाली बसला. उंबर टपटपत होता. मी दोरी टाकत होते. तो पाण्यात पडणारी फळे बघू लागला. मग रागातच विचारल्यासारखे बोलला, "पण काकी, उंबरं संपल्यावर हे काय खातात?"

मी काठी खाली ठेवली.

तो म्हणाला, "झाडाची फळं वैशाखाच्या आधी संपतात. मासे तर तेव्हाच सगळ्यात जास्त असतात इथं. मी दर उन्हाळ्यात येतो, पाणी किती उरलं बघायला. तेव्हा ते दगडांना तोंडं लावून असतात. त्या तिकडच्या, काठाच्या दगडांना. शेवाळ खातात, की दुसरं काही असतं तिथं?"

मला माहीत नव्हते. उंबरे संपली की मासा गळाला येत नाही, म्हणून मी तेव्हा कधी गेलेच नव्हते. मी तसे सांगितले.

"तुम्हाला माहीत नाही?" त्याला खरेच नवल वाटले.

"नाही."

तो उठला, उतरून पाण्यापाशी गेला आणि एका दगडावरून हात फिरवला. हाताचा वास घेतला. मग उन्हाळ्यात पाणी जिथपर्यंत खाली जाते, त्या रेषेने डोहाच्या कडेवरून नजर फिरवली. "हे दगड उघडे पडले तर..." असे म्हणाला आणि पुढच्या दगडावर वाकला.

इतक्या वर्षांत या डोहावर पुष्कळ माणसे आली. किती मासे आहेत, केवढे आहेत, कसे लागतात, हे सगळ्यांनी विचारले. ते काय खातात, हे यजमान गेल्यापासून मला कुणी विचारले नव्हते.

तरी मी त्याच दिवशी ठरवले नाही. जगनच्या एका प्रश्नाने मोगऱ्याला पाणी मिळत नाही, हे मला कळते. तो उद्या पंप आणील, हेही होऊ शकते. रविनाचे कुंपण खात्रीचे आहे. जगनची काहीच खात्री नाही. हे सगळे मी रविनाला जव्हारला जाऊन सांगितले. ती मशीनवरून न उठता म्हणाली, "मावशी, मला तिकडे काय चाललंय ते कधी कळणारच नव्हतं. त्याला दे. पण मग नंतर रडत येऊ नको."

म्हणून उंबरडोहाच्या काठची जमीन, उंबरासह, उतरायच्या वाटेसह, माझी बांबूची काठी आणि गळांची डबी, हे सर्व मी जगन याला देते. कोणतीही अट न घालता देते. पंप लावायचा की नाही, लावला तर किती खोल, आणि कुठल्या दगडाशी थांबायचे, हे त्याने येत्या वैशाखात स्वतः डोहावर बसून बघून ठरवावे. काठाच्या दगडांवर मासे काय खातात याचा शोध लागला, तर लगेच घरी येऊन मला सांगावे. मी अजून आहे.

वर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले, आणि साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. माझ्या हयातीत यात बदल करण्याचा अधिकार माझा मला राहील. दोन्ही साक्षीदारांच्या समोर मी सही केली व माझ्या समोर त्यांनी केली.

ठिकाण : खडकीपाडा, सूर्यमाळ, ता. मोखाडा
दिनांक : ९ एप्रिल २०२५

सही : माघी भिका झुगरे

साक्षीदार :
१. सोम्या काळू वारघडे, खडकीपाडा (डाव्या हाताचा अंगठा)
२. कविता रूपेश भोये, अंगणवाडी मदतनीस, सूर्यमाळ (सही)